कोड सांगणाऱ्या सोजरबाई

आकुर्डीच्या त्या कॉलेजात कार्यशाळा असली, की सभागृहाच्या दाराशी खुर्चीवर सोजरबाई बसलेल्या असायच्या. इस्त्रीची पांढरी साडी, मांडीवर पिशवी आणि हातात काच तडकलेला एक फोन. बाहेरगावच्या प्राध्यापकांना कॉलेजचं वायफाय हवं असलं, की परवानगीचा कोड त्या फोनवर यायचा आणि सोजरबाई तो वाचून दाखवायच्या.

फोन त्यांच्या मुलाचा, बुद्धरत्नचा. तो तिथे कॉम्प्युटर विभागात प्रयोगशाळा सहायक होता. पाहुण्यांचं वायफाय त्यानंच बसवलं आणि कोडसाठी स्वतःचाच नंबर देऊन ठेवला. पुढे चाकण रस्त्यावर एका ट्रेलरखाली तो गेला. त्यानंतरच्या पहिल्याच कार्यशाळेला पाहुणे जमले, पण कोणाचंच इंटरनेट सुरू होईना. तेव्हा त्याच्याच विभागातल्या भाग्यश्री मॅडम काळेवाडीला घरी आल्या. चपला काढून दारातच उभ्या राहिल्या.

"मावशी, त्याचा फोन... एक दिवस द्याल?"

"फोन न्हाई देत कुनाला," सोजरबाई म्हणाल्या. "मीच घेऊन येते."

तीच पद्धत पडून गेली. नंबर आज बदलू, उद्या बदलू, म्हणत कॉलेजनं ते तसंच राहू दिलं. घरी किसनराव, सोजरबाईंचे मालक, गुपचूप जाऊन रिचार्ज मारून यायचे. त्याबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत.

सोजरबाई मराठी चौथी शिकलेल्या. आकडे त्या जोडीजोडीनं वाचायच्या. तरुण प्राध्यापकांची त्यात त्रेधा उडायची. त्यातला एक जण तर दर वेळी अडायचा.

"मावशी, एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन?"

"मास्तर हायेस ना रे? पाढं पाठ न्हाई केलंस व्हय?"

रांगेतले सगळे हसायचे. तोही हसायचा.

पण सोजरबाई आकडे नंतर बघायच्या, आधी नाव. 'नमस्कार बुद्धरत्न, तुमचे पाहुणे परवानगी मागत आहेत,' अशी त्या इंग्रजी संदेशाची सुरुवात असते, हे भाग्यश्रीनं एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून त्याच्या नावाची तेवढी इंग्रजी अक्षरं त्या ओळखायला शिकल्या. तो गेल्याचं त्या यंत्राला कोणीच सांगितलं नव्हतं.

यंदाच्या कार्यशाळेला त्या नेहमीसारख्या येऊन बसल्या, पण फोन वाजेना. दाराशी एक नवा फलक लावला होता. पाहुणे त्यावरचा चौकोन मोबाइलनं टिपत होते आणि आत जात होते. येताजाता कोणी नुसता नमस्कार करत होतं.

तेवढ्यात सुजित आला. वायफायचं काम आता त्याच्याकडे होतं. चांगला मुलगा, पण सदा घाईत.

"मावशी, तुमचीच वाट बघत होतो. तुमची दगदग संपली बघा आता! जुना नंबर काढल्याशिवाय नवं सुरू होत नाहीये. शेवटचा एक कोड येईल, तेवढा सांगा."

फोन वाजला. सोजरबाईंनी नाव बघितलं आणि पडद्यावर हात ठेवला.

"न्हाई आला."

"अहो, वाजला की आत्ता!"

"गेला तो. फिरून पाठव."

त्यानं परत पाठवला. परत नाव आलं. "ह्यो बी गेला," सोजरबाई म्हणाल्या. सुजित कपाळाला हात लावणार, तोच भाग्यश्री आली. तिनं सोजरबाईंचा चेहरा पाहिला, मग तो झाकलेला फोन पाहिला.

"सुजित, तू जरा बाजूला थांब." ती त्यांच्यापाशी खाली बसली. "मावशी, कालपासून तुम्हाला सांगायचं म्हणत होते. धीर झाला नाही."

"नका ना गं काढू. पडून ऱ्हाऊ दे की एका कोपऱ्यात. कुनाला काय खुपतंय?"

"माझ्या हातात असतं तर..."

आत माइकवरून आवाज आला, थोडं थांबा, इंटरनेट येतंय. सोजरबाईंनी दारातून आत पाहिलं. पाहुणे फोन वर धरून बसले होते.

"खोळंबलीत व्हय ती?"

"हो, मावशी."

"त्याला न्हाई चालायचं. कुनी खोळंबलं, की जेवत्या ताटावरनं उठायचा." त्यांनी हात काढला. "लिही रे बाबा. बावीस. एक्क्याण्णव. सदतीस."

सुजितनं आकडे घातले. आत गलका उठला. सगळ्यांचं सुरू झालं होतं.

फोन पुन्हा वाजला, तशा सोजरबाई लगबगीनं पडद्यावर वाकल्या. एकेक अक्षर बोटानं शोधत गेल्या.

"भाग्यश्री, ह्यात त्याचं नाव कुठाय गं?"

भाग्यश्रीनं वाचलं. 'प्रिय ग्राहक, हा क्रमांक नोंदणीतून काढला आहे.'

"नाही, मावशी. यात नाही नाव."

सोजरबाईंनी आधीचा संदेश काढला, त्याचं नाव दिसेल असा. चहाच्या वेळी पाहुणे बाहेर आले. तो एकोणसत्तरवाला मास्तरही होता.

"मावशी, या वेळी पाढ्यांतून सुटलो बघा!"

"व्हय बाबा," सोजरबाई म्हणाल्या, "सुटलास."