सलमाची विळी

सौदीतल्या आपल्या ग्रुपवरच्या मैत्रिणींनो, आज माझ्या हातून जे झालं ते लिहूनच टाकते.

यान्बूत येऊन आम्हाला सहा दिवस झाले. मुलाने हे घर सामानासकट घेतलं. आधी इथे रत्नागिरीची सलमा राहायची. नोकरीच्या नव्या नियमामुळे तिच्या नवऱ्याच्या जागी सौदी माणूस घेतला, म्हणून ते आज कायमचे परत निघाले.

सकाळी ती तिच्याकडे राहिलेली दुसरी किल्ली द्यायला आली. जाताना ओट्याखालची नारळ खवायची विळी उचलून म्हणाली, "मावशी, एवढी नेते हां. ही माझ्या..."

मी पुढे बोलूच दिलं नाही. "अगं, घराबरोबर घेतलेल्या सामानाच्या यादीत स्वयंपाकघरातलं सगळं लिहिलंय. मला इथे विळी कुठे मिळणार?"

तिने ती खाली ठेवली. "राहू दे मावशी. तुम्हालाही खोबरं लागणारच," म्हणाली आणि हसली.

दुपारी मुलगा म्हणाला, "आई, ती तिच्या आईची होती. मी तुला सांगायचंच विसरलो." फोन केला, तर ते विमान पकडायला जेद्दाहच्या रस्त्याला लागलेले.

आमचे हे वारले तेव्हा कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं होतं. यांचा चष्मा तिथेच राहिला म्हणून मी परत गेले, तर तिथे आलेल्या नव्या बाईंनी तो पुसून माझ्या हातात दिला. आज नवी बाई मी होते.

नारळ फोडून ठेवलाय, पण त्या विळीवर बसवत नाही.

तुमच्यापैकी रत्नागिरीकडे कुणी जाणार आहे का? मोठ्या बॅगेत मावेल. माफी मी मागेनच, पण विळी तिच्या हातात पोचायला हवी. कोण नेईल?