शाळेच्या विहिरीवरची नर्मदाबाई

नर्मदाबाई आमच्या शेजारची. तिच्या आणि आमच्या अंगणात बाभळीच्या काट्यांचं एक कुंपण होतं, तेही निम्मं मोडलेलं. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. नवरा मसाजी तरुणपणीच पान लागून, म्हणजे साप चावून गेला. मेंढरं दिराकडं गेली, आणि पदरातल्या एकुलत्या एक पोराला, ज्ञानबाला घेऊन ती गावच्या शाळेत पाणी भरू लागली. उंच, हाडकुळी बाई. आवाज असा की विहिरीवर बोलली तर मारुतीच्या पारावर ऐकू यावं. लेकरं तिला भ्यायची आणि तिच्याच मागं मागं हिंडायची.

आमचं गाव पैनगंगेअलीकडच्या गोरेगावापासून कोसभर. तेव्हा निझामाचं राज्य होतं, सरकारी शाळेत उर्दू चालायची. म्हणून गावानं स्वतःच्या हिमतीवर मारुतीच्या देवळामागं मराठी शाळा बांधली. दोन खोल्या, एक पडवी आणि मागं विहीर. गुरुजी परभणीकडचे. त्यांनी पहिल्याच वर्षी एक रीत घालून दिली. शाळेचा कारभार पाच पंचांनी बघायचा, आणि ते पंच पाटलानं नाही की सावकारानं नाही, शाळेत शिकून गेलेल्यांनी निवडायचे. "ज्यानं इथं बाराखडी गिरवली, त्याचा ह्या शाळेवर हक्क," असं ते म्हणत. आम्ही दोन-चार मुलीही शिकलो होतो, त्यामुळं आम्हालाही मत होतं. याचं गावाला फार हसू यायचं.

मत पाटीवर द्यायचं. पंचाची जागा रिकामी झाली की त्या साली दसऱ्याच्या पाटीपूजनाला शिकून गेलेल्या प्रत्येकानं आपली जुनी पाटी घेऊन यायची. एका उमेदवाराची खूण उभी रेघ, दुसऱ्याची गोल. घरी खूण काढायची, पाटी फडक्यात बांधून आणायची आणि सरस्वतीपुढं पालथी घालायची. सगळ्यांच्या पाट्या एकावर एक. मग गुरुजी वरून एकेक उलटी करून मोठ्यानं सांगत, रेघ, गोल, गोल, रेघ. कोणी परगावी असला तर त्याच्या आईनं किंवा बायकोनं त्याची खूण काढून आणायची. आणि शिकून गेलेला कोणी वारला असला, तर घरच्यांनी त्याची पाटी पुसून, कोरी आणायची. ती मोजायची नाही. तिला कुंकू लावायचं, लाकडी चौकट काढून आईच्या हाती द्यायची आणि नुसता काळा दगड शाळेच्या विहिरीत सोडायचा. कोरी पाटी आली म्हणजे माणूस गेला, हे गावानं मानलं.

ज्ञानबा माझ्याच बरोबरीचा. डावखुरा होता. गुरुजींनी छड्या मारून उजव्या हातानं लिहायला लावलं, पण पुसायचा मात्र डाव्यानंच. तळहाताला थुंकी लावायची आणि एकच फरकाटा मारायचा. "अरे, सरस्वती आहे ती, थुंकी लावू नको," म्हणून गुरुजी ओरडायचे. त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट कडबा तोडताना विळ्याखाली गेलेलं होतं, त्यामुळं त्यानं पुसलेली पाटी कुठूनही ओळखू यायची. बोटांच्या फरकाट्यात मधी एक पट्टा तसाच राहायचा.

अठ्ठेचाळीस साली रझाकारांचा धुमाकूळ वाढला, तशी आमच्याकडची जवान पोरं पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात जाऊ लागली. ज्ञानबाही गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको मनकर्णा, काळीसावळी, बोलायला धारदार. भादव्यात पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं आणि एकेक जण परत येऊ लागला. ज्ञानबाचा शाळासोबती सटवाजी आला, त्या दोघांबरोबर गेलेले सगळे आले. ज्ञानबा आला नाही.

सटवाजी नर्मदाबाईच्या उंबऱ्यात येऊन बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "मावशी, जाताना नदीपातुर संगं होतो. पाणी लई होतं. त्याचा हात माझ्या हातात होता. मग न्हवता."

"न्हवता म्हंजे?"

"न्हवता म्हंजे न्हवता, मावशी. म्या पल्याड गेलो."

"मंग त्योबी गेला असंल पल्याड. दुसऱ्या वाटंनं," नर्मदाबाई म्हणाली आणि घागर उचलून विहिरीवर गेली.

त्याच सुमाराची गोष्ट. मी त्यांची चाळण परत द्यायला गेले होते. दुपारची वेळ, ऊन अंगणात उभं. दारात कोणी नव्हतं. नर्मदाबाई शाळेत, मनकर्णा शेण थापायला गेलेली. मी आत डोकावले आणि मला आवाज आला. कर्र, कर्र. पेन्सिल पाटीवर चालली की येतो तसा. थांबायचा, पुन्हा चालायचा. भिंतीतल्या देवळीत ज्ञानबाची पाटी उभी ठेवलेली होती, आवाज तिथून येत होता. मी नामदेवाचं नाव घेतलं आणि जवळ गेले. आवाज थांबला. पाटीवर काही नव्हतं. चाळण तिथंच टाकून मी घरी आले. आईला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी मनकर्णा भेटली. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "ऐकलंस व्हय तू बी?"

मी मान हलवली.

"आत्याला वाटतं पोरगं जितं हाय, म्हणून आवाज येतो. म्या म्हणते, जित्या माणसाला भाकर लागती. ह्यो तं नुसता लिहून राहिला."

"काय लिहितो?"

"मला वाचता येतं काय? आन् उमटतं कुठं?" ती हसली, पण हसणं अर्ध्यात राहिलं. "शालू, त्यो अडकून राहिला. आत्या सोडंना म्हणून अडकला."

त्या दसऱ्याला नेमकी एका पंचाची जागा रिकामी होती. उभे होते तातेराव आणि संतराम. तातेराव मोठे शेतकरी, धाक असलेला माणूस. त्यांची रेघ. त्यांचं म्हणणं, दिवस वाईट आहेत, पोरींना आता शाळेत बसवू नये. संतरामचं कापडाचं दुकान होतं. त्याचा गोल. तो म्हणायचा, पोरी बसतील. माझी धाकटी बहीण बेबी तेव्हा पडवीत पहिलीच्या रांगेत बसायची, त्यामुळं आमच्या घरात गोलच होता. गाव मात्र निम्मंनिम्म झालं होतं. एकेका पाटीसाठी माणसं खेड्यांतून बोलावली जात होती.

खंडेनवमीच्या दिवशी संतराम नर्मदाबाईकडं आला. मी तिथंच होते, पाट्या घोटायला कोळसा आणि भोपळ्याची पानं घेऊन गेले होते.

"मावशी, ज्ञानबाची पाटी आणणार न्हवं?"

"आणायची का, ठरवून राहिले."

"ठरवायचं काय त्यात? पोरगा परगावी हाय. परगावच्याची खूण आईनं काढायची, रीतच हाय. त्यो माझ्याकडचाच होता. तुमी गोल काढा. उद्या गुरुजी गोल म्हणले की साऱ्या गावानं मानलं, ज्ञानबा जिता हाय म्हणून. मंग कोण म्हणतं बघू उलटं."

मागून मनकर्णा म्हणाली, "दुकानदार, नदीनं बी मानलं पाहिजे नं."

"तू गप," नर्मदाबाई म्हणाली.

संतराम उठून गेला आणि थोड्या वेळानं तातेराव आले. ते बसले नाहीत. पागोट्याला हात लावून उभ्याउभ्याच म्हणाले, "नर्मदाबाई, मला मताची पर्वा न्हाई. पण त्या लेकराला मोकळं करा. पाटी कोरी आणा."

"तुमची रेघ निवडून यावी म्हणून मी माझं पोरगं मारू काय, तातेराव?"

तातेराव मान हलवून अंगणाबाहेर पडले. मला वाटतं, ते तेव्हा खरंच तिच्यासाठी बोलत होते. पण मताच्या दिवसांत कोणाचं खरं आहे हे त्या माणसालाही कळत नसावं.

ते गेल्यावर नर्मदाबाई बराच वेळ पाटी मांडीवर घेऊन बसली. मग मला म्हणाली, "शालू, पेन्सिल धरायची कशी ते सांग." मी तिचं बोट धरलं. जन्मात पहिल्यांदा ती पाटीवर काही काढत होती. गोल वाकडा आला, एका बाजूनं चेपलेला, पण पुरा आला. दोन टोकं जुळली तशी तिनं श्वास सोडला.

"गावानं मोजला की जिता," ती म्हणाली. "येवढ्या मान्सांनी मोजल्यावर त्याला यावंच लागंल."

तिनं पाटी धुतलेल्या फडक्यात बांधली, चार गाठी मारल्या आणि देवाजवळ ठेवली. मनकर्णा चुलीपाशी पाठमोरी बसून होती.

दसऱ्याला सकाळी नर्मदाबाई सगळ्यांच्या आधी शाळेत गेली. मी तिच्याबरोबरच होते. गाठी तिनं स्वतः सोडल्या. मी पाटी बघितली, गोल होता. तिनंच ती सरस्वतीपुढं पालथी घातली आणि मग तिच्यावर बाकीच्यांच्या पाट्या चढत गेल्या. माझीही चढली. आम्ही दोघी समोरच बसलो होतो. साऱ्या गावासमोरचा तो ढीग, त्याला कोणाचा हात लागला नाही, हे मी आजही देवासमोर सांगेन.

गुरुजी मोजायला बसले. रेघ. गोल. रेघ. पडवीत पोरं आपट्याची पानं घेऊन कुजबुजत होती, तीही पुढं पुढं गप्प झाली. एखादी पाटी कोरी निघे. वरच्या आळीतली एक म्हातारी पटकीत गेलेल्या लेकाची पाटी घेऊन आली होती. गुरुजी ती बाजूला ठेवत, कुंकू लावत, पुढं जात. ढीग खाली आला तसा संतराम बोटं मोडू लागला. रेघ आणि गोल बराबर झाले होते, आणि खाली एकच पाटी राहिली होती. सगळ्यांच्या आधी आलेली म्हणून सगळ्यांच्या शेवटी.

गुरुजींनी ती उलटी केली आणि डोळ्यांजवळ धरली.

"गोल म्हणा की गुरुजी," संतराम म्हणाला.

गुरुजींनी पाटी सगळ्यांकडं फिरवली. गोल नव्हता. पाटी ओली होती, नुकतीच पुसल्यासारखी. तळहाताचा एकच फरकाटा, आणि त्यात मधी एका बोटाएवढा पट्टा कोरडा राहिलेला. त्या ओलीत बारीक रेती चिकटली होती, नदीकाठची असते तशी. वरची पाटी, जी तिच्या अंगाला टेकलेली होती, ती सटवाजीची. ती कोरडी ठणठणीत होती.

"पुसली कोणी?" संतराम ओरडला. "तातेराव, हे तुमचं काम हाय!"

तातेरावांचा हात पागोट्याकडं गेला आणि तिथंच राहिला. सटवाजी पुढं येऊन त्या कोरड्या पट्ट्याकडं बघत राहिला. "त्योच हात," तो पुटपुटला. "त्योच हात हाय."

नर्मदाबाई उठली. ती रडली नाही. तिनं पाटी गुरुजींच्या हातून घेतली आणि आपला डावा हात त्या ओल्या फरकाट्यावर ठेवला, बोटावर बोट. जिथं बोट नव्हतं तिथं तिचं मधलं बोट वर उचललेलं राहिलं.

"न्हाई म्हणून राहिला," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "म्या काढलेलं त्यानं पुसलं. मला मोजू नका म्हणून राहिला. गुरुजी, कुंकू लावा."

मागं बायांच्या घोळक्यात मनकर्णा उभी होती. तिनं पदर कपाळावर ओढून घेतला. कोणी तिचं कुंकू पुसायला पुढं झालं नाही, तिनंच ते पदराआड पुसलं.

चौकट नर्मदाबाईनं घरी नेली. काळा दगड तिनं स्वतः विहिरीत सोडला. डुबुक असा आवाज आला आणि पाणी मिटलं. मतं बराबर राहिली म्हणून जुन्याच चार पंचांवर कारभार चालला, आणि पोरींचं काय करायचं हे ठरवायचंच राहून गेलं. बेबी पडवीत बसत राहिली. त्या दिवशी सोनं लुटायला आमच्या गावात कोणी फार हिंडलं नाही.

देवळीतला आवाज त्या दिवसापासून थांबला. पुढं नर्मदाबाईनंच मनकर्णाला दुसरं घर करून दिलं, त्यांच्यात ती रीत आहे. निघताना मनकर्णा तिच्या गळ्यात पडून एवढी रडली की बैलगाडीवाला कंटाळला. "जाय माय," नर्मदाबाई म्हणाली, "एकाला धरून ठिवलं, पुरं झालं."

ती मात्र शाळेत पाणी भरत राहिली. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं की वरून बघावं तर खाली त्या काळ्या पाट्या दिसायच्या, एकीला एक टेकलेल्या. मी एकदा घाईनं पोहरा सोडला, तर तिनं माझा हात धरला.

"हळू सोड, शालू," ती म्हणाली. "खाली पोरं अभ्यास करून राहिले."

आम्ही दोघी कठड्यावर वाकून उभ्या राहिलो. वारा नव्हता. दोर माझ्या हातात ताठ झाला होता. आणि खालून, पाण्यातून, अगदी बारीक आवाज येत होता. कर्र, कर्र.