घासून काढलेल्या खुणा

गल्लीत त्यांना सगळे गिरमिटकाका म्हणत. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेच्या नळ्या धुऊन ते निवृत्त झाले आणि जुन्या सुतारी हत्यारांच्या नादी लागले. गिरमिटं, म्हणजे हाताने फिरवायची ड्रिलं, रंधे, पटाश्या. भंगारवाल्याकडे काही आलं की काकांचे पाय तिकडे वळलेच. मागच्या खोलीची भिंत कधीच भरली होती.

"अहो, खिळा ठोकायला सुतार बोलावता, आणि घरात ही फौज!" काकू म्हणायच्या.

काका हसण्यावारी न्यायचे. गंजलेलं हत्यार रॉकेलमध्ये भिजवायचं, मूठ काचपेपरने घासून पॉलिश करायची, आणि नव्यासारखं चकाकलं की भिंतीवर टांगायचं, यात त्यांचा दिवस कुठे जाई कळत नसे.

एका सकाळी दारात चाळिशीची परिचारिका उभी राहिली, थेट ड्यूटीवरून आलेली.

"काका, भंगारवाल्याने पत्ता दिला. माझे बाबा सुतार. वर्षापूर्वी झटका आला, वाचा गेली, उजवी बाजू गेली. आता कुठलं काम करणार, म्हणून मीच त्यांची हत्यारांची पेटी भंगारात देऊन टाकली. आणि ते दिवसभर डावा हात असा फिरवत बसतात." तिने हवेत ड्रिलचा दांडा फिरवून दाखवला. "मला कळायलाच उशीर झाला."

"त्या पेटीतलं लाल चाकाचं? एक दात तुटलेलं?" काकांनी विचारलं.

"तेच!"

काकांनी ड्रिल उतरवलं आणि तसेच तिच्यासोबत निघाले.

खिडकीजवळच्या खाटेवर म्हातारा सुतार पडून होता. ड्रिल दिसताच त्याचे डोळे चमकले. ते पोटावर ठेवून त्याने अंगठा मुठीवरून फिरवला. एकदा, दोनदा, मग मूठ उलटी करून. हळूहळू चेहरा उतरला. मान हलवत त्याने ड्रिल दूर लोटलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"बाबा, तुमचंच आहे ते!"

काकांनी विचारलं, "काय शोधत होते?"

"मुठीवर खाचा होत्या. बांधलेल्या प्रत्येक जिन्याची एक. एकवीस जिने."

ते 'ओरखडे' काढायला काकांना दोन दिवस लागले होते, आणि मग त्यांनी काकूंना मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं.

"मीच घासल्या," ते म्हणाले.

"तुम्हाला काय ठाऊक," ती म्हणाली. पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

ड्रिल घरी आणून खाचा पुन्हा पाडायला काका चाकू घेऊन बसले. किती खोल? किती अंतरावर? हात धजेना. आठवड्याने ते ड्रिल आणि चाकू घेऊन पुन्हा गेले. चाकू सुताराच्या डाव्या हातात दिला आणि मूठ स्वतः घट्ट धरली. सुताराने पातं टेकवलं. ते पुन्हा पुन्हा घसरत होतं. एकदा काकांचं बोटही कापलं. ते हलले नाहीत. अखेर एक वाकडी खाच पडली. सुताराने चाकू टाकला, ड्रिल कुशीत ओढलं आणि डोळे मिटले.

त्यानंतर तो चार महिने होता. काका दर आठवड्याला जात, पण दुसरी खाच त्याने पाडली नाही. ड्रिल लेकीकडेच राहिलं.

भंगारवाला अजून निरोप धाडतो. काका जातात, हत्यार हातात घेतात आणि आधी विचारतात, "कुणाचं होतं रे हे?"

बहुतेक वेळा त्याला ठाऊक नसतं.