ब्रेकर बसला मारुतीपुढं

ट्रकची बत्ती अंगावर पडली की आम्ही उठून उभ्या राहायचो.

पहाटेची वेळ. अजून तांबडं फुटलेलं नसायचं. रस्त्यापलीकडं ओढ्याच्या काठाला, बाभळीच्या आडोशानं आम्ही पाचसहा बाया बसलेल्या असायचो. बदनापूरच्या बाजूनं ट्रक आला की वळणावर त्याची बत्ती सरळ आमच्यावर यायची. मग घाईनं उठायचं, साडी खाली सोडायची, पदर तोंडावर ओढायचा आणि उभं राहायचं. ट्रक गेला की परत बसायचं. लगेच त्याच्यामागून दुसरा.

बरेच ड्रायव्हर आपले निघून जायचे. एक होता, तो गाडी हळू करायचा. बत्ती मोठी करायचा. क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर यायचा आणि म्हणायचा, "बैठो, बैठो. हमने कुछ नहीं देखा." मग दोघं हसायचे आणि हॉर्न वाजवत निघून जायचे.

आमच्या शेजारची कडूबाई वयानं मोठी, तोंडानंही मोठी. ती एकदा म्हणाली, "तोंड काहून झाकता गं? तोंड पाह्यला आलाय का तो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. माझी लेक वर्षा माझ्याशेजारी होती, ती हसली नाही. आठवीत होती तेव्हा. तिनं टमरेलातलं पाणी तिथंच ओतून दिलं आणि तशीच घरी निघाली.

मी चौथीपर्यंत शिकले. चारचौघांत मला बोलता येत नाही. कोणी मोठा माणूस समोर आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून जे झालं ते लिहून ठेवते आहे.

पूर्वी आम्हाला रस्ता ओलांडावा लागत नव्हता. वस्तीच्या मागं गायरान होतं. दगडगोटे, तरवडाची झुडपं, एक घळ. बायांची जागा म्हणजे ती. पुरुषमाणूस तिकडं फिरकायचा नाही. मग त्याला लागून असलेली अण्णांची मोसंबीची बाग वाढत गेली. अण्णा म्हणजे आमचे सरपंच. बाग वाढली तशी तार पुढं सरकली. एके वर्षी घळसुद्धा तारेच्या आत गेली. तार कोणाच्या जागेत ठोकली, हे विचारायला आमच्यातलं कोणी गेलं नाही. कारण खुरपायला, मोसंबी तोडायला आम्ही त्याच बागेत जात होतो.

त्याच सुमाराला रस्ता मोठा झाला. आधी त्यावर एसटी यायची, बैलगाड्या यायच्या, कडेला आम्ही मिरच्या वाळत घालायचो. आता दिवसरात्र ट्रक, टेम्पो, भरलेल्या जीपा. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला ओढा. मधे तो रस्ता. जायचं तेही अंधारात, म्हणजे सूर्य उगवायच्या आधी नाहीतर मावळल्यावर. उजेडात बाईमाणसानं टमरेल घेऊन जायचं नाही, अशी रीत. गाड्यांना आम्ही दिसत नव्हतो, आणि दिसायचं नाही म्हणूनच आम्ही त्या वेळेला जात होतो.

सासूबाईंना सांज झाली की दिसत नव्हतं. मी रोज हात धरून न्यायची. त्या दिवशी अण्णांच्या बागेत तोड होती, गाडी भरल्याशिवाय कोणाला सोडलं नाही. मी परत येईपर्यंत सासूबाईंना धीर धरवला नाही. एकट्या निघाल्या. जीपनं उडवलं.

मी पळत गेले तेव्हा माणसं जमली होती. नवरा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. टमरेल जरा लांब पडलेलं होतं. मी ते उचललं आणि पदराखाली घेतलं. का घेतलं, ते तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात आपोआप गेला.

पोलीस आले. त्यांनी विचारलं, म्हातारी कुठं चालली होती. माझे चुलतदीर वस्तीत शहाणे समजले जातात, त्यांनी शेवटी सांगितलं, "मारुतीला चालली होती. दर्शनाला." सगळ्या पुरुषांनी माना हलवल्या. नवऱ्यानंही. पोलिसानं तसं लिहून घेतलं.

मारुतीचं देऊळ रस्त्यापलीकडंच, पण बरंच पुढं, अण्णांच्या बागेच्या फाटकासमोर. त्याच्या ओट्यावर आमच्या वस्तीतली बाई कधी चढली नव्हती. चढू देत नाहीत. सासूबाई जन्मात त्या ओट्याला शिवल्या नव्हत्या. मेल्यावर मात्र त्या दर्शनाला गेल्या.

तेराव्यानंतर वस्तीतले पुरुष जमले. वस्तीपाशी गाड्या हळू व्हाव्यात म्हणून रस्त्यावर ब्रेकर मागायचा ठरला. अण्णांना पुढं घातलं, कारण अण्णांच्या शब्दाशिवाय जालन्याच्या बांधकाम खात्यातल्या साहेबाच्या दारातही कोणी उभं करत नाही. साहेबानं विचारलं, तुमची माणसं रस्ता कशासाठी ओलांडतात. आता आधीच एक सांगून बसले होते. दुसरं कसं सांगणार? आणि खरं कारण पुरुषांच्या तोंडातून निघणार कसं? परत तेच सांगितलं. मारुतीला जातात. अण्णा म्हणाले, बराबर आहे.

उन्हाळ्यात एक दिवस डांबराची गाडी आली. ब्रेकर बसला तो मारुतीपुढं, म्हणजे अण्णांच्या फाटकापुढं. वर पांढरे पट्टे मारले. अण्णांनी नारळ फोडला. बागेतून निघणाऱ्या मोसंबीच्या गाड्यांना रस्त्यावर चढणं सोपं झालं. आमच्या वस्तीपासून तो ब्रेकर इतका लांब की तिथं उभं राहून कोणी हाक मारली तर आम्हाला ऐकू येणार नाही. उलट झालं असं की गाड्या तिथं हळू व्हायच्या आणि मग जोर करत निघायच्या. आमच्यापाशी येईपर्यंत पुऱ्या वेगात असायच्या.

पुरुष म्हणाले, ब्रेकर तर मिळाला, आता तिकडून फिरून जा. कडूबाई म्हणाली, "म्हंजे मारुतीला टमरेल दाखवून जायचं व्हय? अण्णांच्या फाटकावरून वरात काढायची का आमची?"

आम्ही पहिल्यासारख्याच जात राहिलो.

पावसाळा संपता संपता वर्षा बारीक व्हायला लागली. संध्याकाळी ताटावर बसायची, भाकरी कुस्करायची आणि ताट सरकवायची. पोट दुखतंय म्हणायची. मी ओवा दिला, हिंग लावला. शाळेत चक्कर येऊन पडली, तेव्हा बाईंनी घरी आणून सोडलं. त्या म्हणाल्या, ही पोरगी दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही, जरा लक्ष द्या.

आमचं एक टमरेल काही दिवसांपासून सापडत नव्हतं. ते मला रस्त्याच्या कडेला सापडलं. टायरखाली जाऊन भाकरीसारखं चपटं झालेलं. मी ते घरी आणलं आणि वर्षापुढं ठेवलं. मग तिनं सांगितलं. सांजच्याला एकटी गेली होती. समोरच्या ट्रकची बत्ती डोळ्यांवर आली म्हणून मधेच थांबली आणि मागून आलेला टेम्पो अंगाला घासून गेला. हातातलं टमरेल गेलं. ती वाचली.

"आई, मी सांजच्याला जेवत न्हाई," ती म्हणाली. "पाणी बी पीत न्हाई. मंग जावं लागत न्हाई."

एवढं सांगून ती अभ्यासाला बसली. जणू काही युक्ती सापडली होती तिला. मी चुलीपुढं बसून राहिले. भाकरी तव्यावर करपली तरी मला कळलं नाही.

मी नवऱ्याला सांगितलं. चुलतदिरांना सांगायला लावलं. ते म्हणाले, साहेब काम बघायला येणार आहेत तेव्हा बोलू.

साहेब आले. मारुतीच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. साहेब, अण्णा आणि गावातली चार मोठी माणसं वर. आमचे पुरुष खाली, आणि आम्ही बाया त्यांच्याही मागं, लिंबाखाली. वर्षा शाळेतून तिथंच आली आणि माझ्या मागं उभी राहिली. चहा झाला. ब्रेकरचं कौतुक झालं. मग चुलतदीर हात जोडून पुढं झाले आणि म्हणाले की अजून एक ब्रेकर वस्तीपाशी झाला तर बरं होईल.

साहेब म्हणाले, "देवळाला जायला हा दिला ना? तिथं समोर काय आहे?"

चुलतदिरांनी खाली बघितलं. बाकीच्यांनीही. ओढा म्हणायलासुद्धा कोणी तयार नव्हतं.

अण्णा पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, "सांगा की रं. लाजता काहून? साहेब, ह्यांना हागायला बी ब्रेकर पाह्यजे."

ओट्यावर हशा पिकला. साहेबांनी तोंडाला रुमाल लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. आणि खाली बसलेले आमचे पुरुषही हसले. मोठ्यानं नाही. मालक हसला की मजूर हसतो, तेवढंच. मी माझ्या नवऱ्याकडं बघितलं. त्याचेही दात दिसले.

ज्यानं आईचं फुटलेलं डोकं मांडीवर घेतलं होतं तो हसला.

मी मागं बघितलं. वर्षानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. तिचे ते हात. मनगटाची हाडं वर आलेली.

मी कधी पुढं गेले ते मला आठवत नाही. पदर डोक्यावरून खाली आला होता, तो मी सावरला नाही.

"व्हय साहेब," मी म्हणाले. "हागायलाच पाह्यजे."

हसणं थांबलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. मी थांबले असते तर परत बोलता आलं नसतं, म्हणून बोलत गेले. माझी सासू दर्शनाला चालली नव्हती, हे सांगितलं. ज्या ओट्यावर तुम्ही बसलात त्याच्यावर आम्हाला पाय ठेवू देत नाहीत, ती दर्शनाला कशी जाईल? ती ओढ्यावर चालली होती. तिच्या हातात टमरेल होतं आणि ते मी लपवलं. आमची जागा गायरानात होती, ती अण्णांच्या तारेत गेली म्हणून आम्ही रस्ता ओलांडतो. माझी लेक उपाशी राहते, कशासाठी, तेही सांगितलं.

अण्णांचं पान हातातच राहिलं होतं. ते म्हणाले, "तोंड सांभाळ. उद्यापासून बागेत पाय ठेवायचा न्हाई."

साहेबांनी विचारलं, मग घरात संडास का बांधत नाही? सरकार पैसे देतं. मी म्हणाले, घराखालची जागा आमच्या नावावर नाही. नावावर नाही म्हणून यादीत नाव नाही. साहेबांनी अण्णांकडं बघितलं. यादी अण्णाच करतात.

साहेबांनी घड्याळ बघितलं. अर्ज द्या, म्हणाले. मागून कडूबाई बोलली, "अर्ज काहून? सांजच्याला या साहेब. दाखवतो तुमाला." यावर कोणी हसलं नाही. साहेबांची जीप आली तशी निघून गेली. ब्रेकरवर हळू झाली आणि मग जोरात गेली.

घरी येताना नवरा माझ्यापुढं चालत होता. अंगणात आल्यावर म्हणाला, "वस्तीचं नाक कापलं तू."

मी म्हणाले, "नाक न्हाई. तुमची आई गेली."

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. चुलतदिरांनी घरी येणं सोडलं. बागेतलं काम गेलं. माझं गेलं ते गेलंच, पण माझ्याबरोबर पाण्याला जाणाऱ्या बायांनाही बागेच्या मुकादमानं सांगितलं, हिच्या संगतीत दिसलात तर तुम्हालाही बंद. आता त्या मला बघितलं की घागर दुसऱ्या कमरेवर घेऊन तोंड फिरवतात. फक्त कडूबाई येते. मला कोण काय करणार, ती म्हणते, हाडं तेवढी राहिलीत.

ब्रेकर आलेला नाही. येणारही नाही, असं मला वाटतं. जालन्याला जाऊन दारात बसायचं तर एसटीच्या भाड्याला घरात काही नाही. कधी कधी दुपारी एकटी बसले की वाटतं, गप्प राहिले असते तर निदान बागेतला रोज तरी मिळाला असता. मग वर्षाची मनगटं दिसतात.

आज सांजच्याला मी तिच्या ताटात भाकरी वाढली. तिनं सरकवली. मी म्हणाले, आता तर मी सगळ्यांपुढं बोलले ना, आता खा. ती म्हणाली, "ब्रेकर बसू दे आई. मंग खाईन."

मी ताट परत तिच्यापुढं सरकवलं आणि सांगितलं, ब्रेकरची वाट बघायची नाही. उद्या आपण अंधारात जायचं नाही. सूर्य चांगला वर आला की जायचं. टमरेल पदराखाली घ्यायचं नाही, हातात उघडं धरायचं. ज्याला लाज वाटेल त्यानं मान फिरवावी. आधी मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहीन, दोन्ही हात पसरून. एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला कडूबाई. गाड्या थांबल्या की तू जायचं. चालत जायचं, पळायचं नाही. तू परत येईपर्यंत आम्ही हलणार नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा, परवाही, तेरवाही. पोलिसांनी नेलं तर सुटून आल्यावर परत तिथंच.

तिनं विचारलं, "गाडी न्हाई थांबली तर?"

मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हणाले, नाही थांबली तर पोलीस येतील. ते विचारतील, ही बाई कुठं चालली होती. तेव्हा तू पुढं व्हायचं. कोणत्याही पुरुषाला बोलू द्यायचं नाही. टमरेल उचलून त्यांच्यापुढं ठेवायचं आणि जागेचं नाव सांगायचं. ते लिहून घेईपर्यंत मला उचलू द्यायचं नाही.