अक्काचा गावठी गुलाब

गावठी गुलाबाचा वास आला की मला माझी तेव्हाची अक्कल आठवते. यावलच्या अंगणात माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, तो गुलाबी गुलाब लावला होता. जळगावच्या दवाखान्यात जाताना ती म्हणाली, "भाऊ, त्याला काही करू नको. तो आपला आपण जगतो." पण मी पडलो केळीबागवाला, रोज ठिबकचं पाणी सोडलं, वर ओंजळभर युरिया. झाड मुळासकट सडलं. डॉक्टरांनी "आता घरीच न्या" म्हटलं, तेव्हा मी बाजारातला गुलाब आणून "आपल्याच झाडाचा" म्हणत तिच्या हातात ठेवला. तिनं हुंगला. "वास नाही रे याला. का माझंच नाक गेलं?" मी म्हटलं, "औषधांनी जातं तसं." तिनं मान हलवली आणि फूल उशाशी ठेवलं. आता माझ्या दारात तसाच गुलाब आहे, मी त्याला हातही लावत नाही. अक्काचं नाक शाबूत होतं, एवढं तिला सांगायचं राहिलं.