नासपतीचं पाणी आणि माझं बोट

मी चौथी नापास. पण सौदीतल्या जुबैलच्या प्लांटमध्ये सव्वीस वर्षं पाइप जोडले आणि माझा एक जोड कधी गळला नाही. त्यामुळे कुणी शिकवायला लागलं की मला राग येतो. या थंडीत, आता तिथेच नोकरी करणाऱ्या मुलाने व्हिजिट व्हिसावर पुन्हा बोलावलं. नात आठ महिन्यांची झाली होती. माझ्या बॅगेत सहाण होती, वेखंड होतं आणि गावच्या मधाची बाटली.

आठवडाभरात पोरीला खोकला लागला. डॉक्टरने छाती तपासली, साधा आहे म्हणाला, औषध दिलं नाही. शिवाय वर्ष भरेपर्यंत मध बिलकूल देऊ नका म्हणून बजावलं. घरी येऊन मी सहाण काढली तर सुनेने ती उचलून कपाटात ठेवली. म्हणाली, "बाबा, मला विचारल्याशिवाय तिला काही चाटवायचं नाही." आमच्या घरातल्या प्रत्येक पोराने पहिला मध माझ्या बोटावरून चाटलाय. आता त्या बोटाला परवानगी लागणार?

खालच्या मजल्यावर एक चिनी म्हातारा राहतो, तोही नातवंडासाठी आलेला. पूर्वी दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवला होता, त्या एका शटडाउनला तो वेल्डर होता, मी फिटर. भाषा आमची चार शब्दांची, तीही साइटवरची. मी खोकून दाखवलं, हाताने पाळणा हलवला. त्याने मला स्वयंपाकघरात नेलं. नासपतीचं डोकं टोपीसारखं कापलं, आतला गर कोरून बिया काढल्या, टोपी परत बसवली आणि अख्खी नासपती वाडग्यात घालून वाफेला ठेवली. अर्ध्या तासात वाडग्यात पाणी सुटलं. म्हटलं, हा तर आपल्यातलाच निघाला. खिशात लपवून आणलेली मधाची बाटली मी बाहेर काढली.

त्याने माझं मनगट धरलं. वेल्डरची पकड, सुटेना.

"बेबी, नो," म्हणाला आणि एक बोट वर केलं. म्हणजे एक वर्ष.

डॉक्टर आणि सून हेच सांगत होते. त्यांचं मी ऐकलं नव्हतं. याचं ऐकलं, कारण बाटली बाजूला सारून याने वाडगा माझ्याच हातात दिला.

वर आलो. सुनेने डॉक्टरला फोन लावला. नासपतीचं दोन-तीन चमचे कोमट पाणी चालेल, असं कळलं. तिने चमचा उचलला.

"दे इकडे," मी म्हटलं. "विचारून झालं ना? आता भरवणार मी."

तिने दिला.

खोकला पाचव्या दिवशी गेला. तो जाणारच होता, असं सून म्हणते. म्हणू दे. मधाची बाटली मी टाकलेली नाही. पोरीला वर्ष भरेपर्यंत व्हिसा वाढव, असं मुलाला सांगून ठेवलंय. त्या दिवशी पहिलं बोट माझंच.