खालचं वाचू नका, अण्णा

पुणतांब्याच्या स्टेशनावर अण्णा आणि आई मला सोडायला आले तेव्हा अण्णांच्या भुवयांवर पीठ होतं. आमची पिठाची गिरणी. कुणाचं तरी दळण अर्धं टाकून ते तसेच आले होते. आईनं पिशवीत बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं इतकं भरलं होतं, की पुण्यात जणू खायला काही मिळतच नाही. गाडी उशिरा होती. बोलण्यासारखं सगळं घरीच बोलून झालेलं, म्हणून आम्ही तिघं नुसते रुळांकडे बघत बसलो. गाडी आली, मी चढले, खिडकीशी बसले, तेव्हा अण्णा गजाला धरून म्हणाले, "पत्रकार व्हायला निगालीस. खरं लिव्हायचं. कुनाला भ्यायचं न्हाई."

आई म्हणाली, "आन टायमावर जेवत जा."

आईचं सांगणं मी रोजच मोडते. अण्णांचं मोडलं की पाळलं, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखं गाव सोडून कुठंकुठं पांगलेल्यांसाठीही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी 'पेपरात' आहे एवढंच माहीत आहे. कारण अण्णांनी गिरणीत डबा घेऊन आलेल्या प्रत्येकाला तेच सांगितलं. जात्याच्या आवाजावर आवाज चढवून ते सांगायचे, "आमची पोरगी पेपरात हाय. बंगळूरला." पुण्यात कॉलेज झालं, वर्षभर एका छोट्या पेपरात रस्त्यांचे खड्डे आणि गणपती मंडळांच्या बातम्या केल्या, तोवर 'पेपरात' हे खरंही होतं. पुढे मला बंगळूरला नोकरी मिळाली, ती एका वेबसाइटवर. मी व्हिडिओ गेम्सबद्दल लिहिते.

हे वाक्य मी घरी कधी सरळ उच्चारलंच नाही. 'टेक्नॉलॉजीवर लिहिते' असं म्हणायचे. गेम म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढे कोपरगावच्या स्टँडमागचं ते अंधारं दुकान यायचं, जिथं पोरं शाळा बुडवून बसायची. आणि खरं सांगायचं तर मलाही ते वाक्य तोंडात बारीक वाटायचं. आपल्याकडे पत्रकार म्हणजे कालव्याच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, उसात बिबट्या आलाय का, दवाखान्यात डॉक्टर का नाही, हे लिहिणारा माणूस. मी चार दिवस घरात पडदे ओढून कुठल्याशा बर्फाळ राज्यातल्या राक्षसांशी लढते आणि पाचव्या दिवशी त्याला दहापैकी मार्क देते.

पण काम म्हणून ते सोपं नाही. गेम बाजारात येण्याआधी कंपनी आम्हाला तो पाठवते, आणि ठरलेल्या तासाच्या आधी एक ओळ छापायची नाही अशी अट असते. तेवढ्या दिवसांत तो पूर्ण खेळायचा, बोटं आखडेपर्यंत. कुठं अडकतो, कुठं कंटाळा येतो, गोष्ट खरी वाटते का, हे सगळं टिपत जायचं. मग लिहायचं, व्हिडिओ करायचा, आणि संध्याकाळी लाइव्ह बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. पहिल्यांदा माझ्या नावानं मोठा रिव्ह्यू लागला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले होते. आनंदानं. घरी फोन केला आणि म्हणाले, "अण्णा, एक मोठा लेख आला माझा." ते म्हणाले, "कशावर?" मी म्हणाले, "आहे टेक्निकल."

गेल्या हिवाळ्यात अण्णा बंगळूरला आले. मी लहान असल्यापासून कुणाच्या मयतीशिवाय गिरणी बंद राहिलेली मला आठवत नाही, पण आईनं त्यांना जबरदस्तीनं धाडलं. "पोरगी कशी राहती, बगून तरी या," म्हणाली. माझं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत एका बाजूला माझं टेबल, त्यावर दोन स्क्रीन. मागच्या भिंतीला कॉट. कॅमेरा तिरका लावलेला, त्यामुळे कॉटवर बसलेला माणूस त्यात येत नाही. तिथं अण्णा बसले.

आता लपवायला जागाच नव्हती. मी हातात कंट्रोलर घेतला आणि म्हणाले, "अण्णा, हेच माझं काम."

ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "आन हे कुनी केलंय?"

"जपानच्या लोकांनी. तीनशे-चारशे माणसं राबतात एका गेमवर."

"चांगलं न्हाई झालं तर तू तसं लिव्हती?"

"लिहिते."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले, आणि चहा कुठं ठेवलाय ते विचारत उठले. इतकी वर्षं ज्या वाक्याला मी घाबरले ते एवढ्यात संपलं. मला हलकं वाटलं, आणि आधी का नाही सांगितलं याची शरमही वाटली. ती शरम छोटी होती. पुढची आली तिच्यापुढे काहीच नाही.

त्यांना माझे लाइव्ह आवडायला लागले. दुसऱ्या स्क्रीनवर लोकांचे मेसेज भराभर वर सरकत असतात. सगळं इंग्रजी, नाहीतर इंग्रजी अक्षरांतली हिंदी. अण्णांना त्यातलं काही लागायचं नाही, पण एवढी माणसं आपल्या पोरीला काहीतरी विचारताहेत याचंच त्यांना अप्रूप. "लई मानसं हायती की गं," म्हणायचे. चष्मा लावून, पुढं वाकून ते त्या सरकत्या ओळींत मराठी अक्षर शोधायचे. एकदा कुणीतरी 'नमस्कार ताई, सोलापूरहून' असं लिहिलं, तर अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं. दिवसभर खूश होते. गावाकडचं कुणी भेटल्यासारखं.

त्याच आठवड्यात मी एका फार गाजावाजा झालेल्या गेमला दहापैकी सहा दिले. लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिलेला गेम. माझ्या मते तो दिसायला सुरेख होता आणि आतून पोकळ. तसं लिहिलं. दुपारपासून लेखाखाली शिव्या सुरू झाल्या. पुरुष सहकाऱ्यांनाही त्या पडतात, पण त्यांना 'तुला कळत नाही' म्हणतात. मला काय म्हणतात ते तुम्हाला सांगायची गरज नाही. मी सरावले होते. त्या वाचायच्याच नाहीत, वाचल्या तरी पोचू द्यायच्या नाहीत, हे मी दोन वर्षांत शिकले होते.

संध्याकाळी लाइव्ह होता. मी अण्णांना म्हणायला हवं होतं, आज तुम्ही खाली चक्कर मारून या. मला सुचलंच नाही. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, एवढ्यावर मी निर्धास्त होते.

मी बोलत होते, गेममधल्या एका लढाईची चूक समजावून सांगत होते, आणि स्क्रीनवर एक ओळ आली. स्वच्छ देवनागरीत, एकही चूक नसलेलं मराठी. त्यात मी होते आणि माझी आई होती. ती ओळ इथं लिहिणार नाही. ती वर सरकून जाईपर्यंत मला मागून श्वास ऐकू आला. अण्णा पुढं वाकले होते. त्यांनी ती वाचली होती. नेहमीसारखं ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचली असणार.

आणि मी हसले. मला काय करावं ते कळेना, तर सवयीनं जे होतं ते झालं. कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "चला, पुढचा प्रश्न घेऊ." कॉट वाजली. अण्णा उठून स्वयंपाकघरात गेले. लाइव्ह अजून बराच बाकी होता. मी तो पूर्ण केला, शेवटपर्यंत हसऱ्या तोंडानं. शिवी देणाऱ्याचं मला काही वाटलं नाही. माझं ते हसू अण्णांनी पाहिलं, याची लाज अजून अंगावर आहे.

लाइव्ह संपल्यावर माझ्या संपादक बाईंचा मेसेज आला: आजचा भाग जबरदस्त चालला. मी त्यांना अंगठा पाठवला. मग आत गेले. अण्णा ओट्याशी उभे राहून लसूण सोलत होते. त्या घरात एवढा लसूण वर्षभरात लागला नसता.

"ही मानसं तुला वळखत्यात का?" त्यांनी विचारलं.

"नाही, अण्णा."

"तुज्या आईला?"

"नाही."

"मग?"

मी त्यांच्या हातातला लसूण घेऊन सोलायला लागले. सकाळी अण्णा म्हणाले, "गिरनी बंद हाय. लोकांची दळनं अडली असतील. माजं तिकीट बग."

त्यांना गाडीत बसवलं तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. नोकरी सोड म्हणतील, किंवा शिवी देतील त्या माणसाला. ते म्हणाले, "पान्याची बाटली घेतली का मी?" बाटली त्यांच्या हातातच होती.

त्यानंतर फोनवर आई म्हणायला लागली, "ते आता गिरनीत कुनाला तुझं काय सांगत न्हाईत. इचारलं तर कंपूटरमधी हाय म्हनत्यात. तुमचं काय वाजलं का तिकडं?" मी म्हणाले, काही नाही. त्यांनाही तिनं विचारलं असणारच, आणि त्यांनीही तेच सांगितलं असणार. मी मात्र समजले. बापाला माझी लाज वाटते. ज्या माणसानं अख्ख्या गावाला माझं कौतुक ऐकवलं, त्याला आता माझं नावही नको. मी सुट्ट्या असूनही दोन सण घरी गेले नाही.

शेवटी उन्हाळ्यात गेले. घरी आईशी बोलून गिरणीत जाऊन बसले, पहिल्यासारखी, रिकाम्या डब्यांच्या ओळीशेजारी. हौसामावशी ज्वारी घेऊन आल्या. आमच्याच गल्लीतल्या, मला अंगाखांद्यावर खेळवलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघून अण्णांना विचारलं, "ही ती पेपरातली ना वो? कोन्त्या पेपरात येतं हिचं? आमची सूनबाई मोबाईलवर बगती समदं."

अण्णा घाईनं म्हणाले, "पेपर सोडला तिनं. कंपनीत हाय आता. कंपूटरच्या."

मावशी दळण घेऊन जाईपर्यंत मी कशीबशी बसले. मग म्हणाले, "अण्णा, माझी एवढी लाज वाटते तुम्हाला?"

त्यांनी मोटार बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. एरवी ऐकू न येणाऱ्या चिमण्या ऐकू यायला लागल्या.

"तुजी लाज?" ते म्हणाले. "येडी हाईस का तू? मी खरं सांगितलं तर ही मानसं मोबाईलवर तुजं नाव टाकतील. तुजं लिव्हलेलं बगतील. आन मग खालचं बी वाचतील, लोकांनी लिव्हलेलं." ते फडक्यानं हात पुसायला लागले. हात पुसून झाले तरी पुसतच राहिले. "तुज्या आईला वाचता येतं. मला ते तिला वाचू द्यायचं न्हाई."

एवढे महिने मी समजत होते की त्यांनी मला टाकलं. आणि ते रोज दारात येणाऱ्या माणसांपुढे स्वतःचा अभिमान गिळत होते. त्यांना मिरवायला गावात दुसरं काय होतं? ते त्यांनी माझ्यासाठी आणि आईसाठी बंद केलं, आणि आईशी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लपवून ठेवलं. माझ्या कामामुळे.

"सोडू का मी हे, अण्णा?"

"त्यो गेम खरंच वाईट हुता?"

"हो. पोकळ होता."

"मग कशापायी सोडती?" त्यांनी मोटार पुन्हा चालू केली. त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. त्यांना बोलायचंही नव्हतं.

रात्री जेवताना आई दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "मिटलं वाटतं." आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "काय झालंच न्हवतं."

बंगळूरला परतल्यावर मी आमच्या तांत्रिक विभागातल्या मुलीशी बोलले. मेसेजमधल्या शिव्या आपोआप अडवणारी सोय आमच्याकडे होतीच, पण तिला इंग्रजी आणि हिंदी येत होतं. मराठी येत नव्हतं. आजवर कुणी मागितलंच नव्हतं. ती म्हणाली, "शब्द तू दे, मी घालते."

एका रविवारी मी टेबलाशी बसले आणि मला येतील तेवढ्या मराठी शिव्या टाइप करायला लागले. किती येत होत्या! शाळेच्या वाटेवर ऐकलेल्या, गोदावरीच्या घाटावर ऐकलेल्या, नळावरच्या भांडणात ऐकलेल्या, उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या तोंडच्या. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की जीव सुखावतो, असं आपण सगळे गाव सोडलेले म्हणतो. मीही म्हणायचे. आता स्क्रीनवर मराठी अक्षर दिसलं की आधी मी नजर बाजूला वळवते, मग कळतं की कुणीतरी नुसतं 'छान' म्हणालंय. स्वतःच्या भाषेसमोर दार लावून घ्यायचं काम मी त्या दिवशी स्वतःच्या हातानं केलं. कुणी पाहू नये म्हणून पडदेही ओढले होते.

शेवटाला एक शब्द आठवला. 'भवाने.' तो शिवीत मोडतो, घालायलाच हवा होता. मी 'भ' टाइप केला आणि थांबले. आईचा फोन तीन दिवस घेतला नाही की चौथ्या दिवशी ती तोच शब्द म्हणते, आणि लगेच विचारते, जेवलीस का?

तो शब्द मी घातला नाही. कधीतरी कुणी मला लाइव्हमध्ये तेवढी शिवी देईल. देऊ दे.